वाईनला हवा लागू द्या: ओरिस्तानोची व्हेर्नाच्चा

वाईन बनवणाऱ्याचा निम्मा जीव हवा बाहेर ठेवण्यात जातो. पिंप काठोकाठ भरायचं, पातळी उतरली की पुन्हा भरायचं, बाटलीला घट्ट बूच मारायचं. पांढरी वाईन तर फारच नाजूक. ऑक्सिजन लागला की तिचा रंग तपकिरी पडतो, फळांचा वास उडतो, आणि ॲसिटिक ॲसिड बनवणारे जीवाणू फोफावले की तिचं व्हिनेगर होतं. आपण लोणच्यावर तेलाचा थर राखतो तो याच भीतीने.

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिर्सो नदीच्या मुखाजवळच्या ओरिस्तानो भागात मात्र पिढ्यान्‌पिढ्या उलटा कारभार चालला आहे. इथली 'व्हेर्नाच्चा दि ओरिस्तानो' ही ड्राय पांढरी वाईन. ड्राय म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन संपवलेली. ती चेस्टनट किंवा ओकच्या पिंपांत भरतात, पण मुद्दाम थोडी जागा रिकामी सोडून. पिंपं तळघरातही ठेवत नाहीत. जमिनीवरच्या कोठारांत ठेवतात आणि वारा खेळता राहावा म्हणून खिडक्या उघड्या राखतात. जुनी कोठारं 'लादिरी'ची, म्हणजे माती आणि काड कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची.

अशा पिंपात काही काळाने वाईनवर पांढुरकी, सुरकुतलेली साय धरते. हिला फ्लोर म्हणतात. ही बुरशी नव्हे. साखरेचं अल्कोहोल करणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हेच यीस्ट इथे वेगळा संसार थाटून बसलेलं असतं. साखर संपली की बहुतेक वाईनमधलं यीस्ट उपाशी मरून तळाशी बसतं. फ्लोरच्या जातींना मात्र एक पळवाट सापडली आहे. पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन तयार होतं, त्याने त्या पाण्याला नकोशा होतात, एकमेकींना चिकटतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यांच्या जाळ्यात अडकतात आणि सगळा गोतावळा वर तरंगतो. वर हवा असते, आणि हवा मिळाली की अल्कोहोलच जाळून जगता येतं. याच बेटावरच्या सासारी विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्लोर यीस्टमधलं, हे प्रथिन बनवणारं 'एफएलओ११' जनुक काढून टाकून पाहिलं, तर साय धरेचना. त्यांचा हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

गंमत अशी की हवेत जगणारी ही साय खालच्या वाईनला हवेपासूनच वाचवते. येणारा ऑक्सिजन वरच्यावर खाऊन टाकते, शिवाय ॲसिटिक ॲसिड आणि ग्लिसरॉलही फस्त करते. ग्लिसरॉल गेलं की वाईनचा गुळगुळीतपणा जातो आणि ती जिभेला आणखी कोरडी लागते. अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनतं, त्याचा वास ठेचलेल्या सफरचंदासारखा आणि सुक्या मेव्याच्या अंगाने जाणारा. याच ॲसिटाल्डिहाइडपासून पुढे फ्लोर वाईनमध्ये सोटोलॉन तयार होतं. मेथीदाण्याचा खास वास ज्या रेणूमुळे येतो तोच हा, आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. डब्यातले मेथीदाणे हुंगले की या वाईनच्या गंधातला एक पदर आपल्या ओळखीचाच निघतो.

स्पेनची फिनो शेरीही फ्लोरखालीच मुरते, पण तिच्यात वरून स्पिरिट घालून अल्कोहोल सुमारे १५ टक्क्यांवर आणतात. पारंपरिक व्हेर्नाच्चा साधारण तेवढ्यावर स्वतःच पोहोचते. उन्हाळा कडक असल्याने द्राक्षं साखरेने भरलेली असतात हे एक कारण. दुसरं कारण कोठारातली कोरडी हवा. अशा हवेत लाकडातून पाणी अल्कोहोलपेक्षा लवकर निसटतं, त्यामुळे वर्षागणिक वाईनमधलं अल्कोहोलचं प्रमाण चढत जातं. दमट तळघरात हाच हिशोब उलटतो. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्यांना हे भौतिकशास्त्र पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

काब्रास गावातली कोन्तिनी ही या वाईनची नावाजलेली वायनरी, साल्व्हातोरे कोन्तिनी यांनी १८९८ मध्ये सुरू केलेली. तिच्या 'आन्तिको ग्रेगोरी' या वाईनमध्ये अनेक वर्षांच्या व्हेर्नाच्चा एकत्र येतात. जुन्या पिंपातून थोडी काढायची, तिथे नव्याची भर घालायची. 'ग्रेगोरी' हे इथल्या जुन्या, गोटेमिश्रित गाळाच्या जमिनीचं नाव. मला विचाराल तर अशा ठिकाणचा खरा वारसा दारावरच्या सालात नसतो. वर्षानुवर्षं त्याच लाकडात मुरलेल्या यीस्टच्या वस्तीत तो असतो, आणि ती वस्ती विकत आणता येत नाही.

काब्रासजवळच्या सा ओसा इथे कांस्ययुगीन नुरागी लोकांच्या, म्हणजे बेटावरच्या प्राचीन रहिवाशांच्या, विहिरीत द्राक्षाच्या बिया सापडल्या. पाण्यात बुडून राहिल्याने त्या सडल्या नव्हत्या. त्यांचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १३०० ते ११००, आणि आकारावरून त्या रानटी द्राक्षापेक्षा लागवडीच्या जातींच्या जवळच्या ठरल्या. म्हणून तेव्हाच व्हेर्नाच्चा प्यायली जात होती असं सांगणारे भेटतील, पण बियांवरून तेवढी उडी मारणं जास्तच होईल.

१९७१ मध्ये या वाईनला इटलीचा डीओसी दर्जा, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या आणि ठरावीक पद्धतीच्या वाईनला मिळणारा सरकारी शिक्का, मिळाला. नियमाप्रमाणे ती किमान दोन वर्षं लाकडात मुरवावी लागते, 'रिझेर्व्हा' म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर चार. एवढं करूनही मळे घटतच गेले. फळांच्या वासाच्या, ताज्या पांढऱ्या वाईनची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला हिचा पहिला घोट बिघडल्यासारखा वाटतो, आणि वर्षानुवर्षं पैसा पिंपात अडकवून ठेवणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

काब्रासमध्ये ती 'बोत्तार्गा'सोबत पितात, म्हणजे बोयट माशाची मीठ लावून वाळवलेली गाबोळी. फ्रिजमधून थेट काढून पिऊ नये, गारठ्यात वास दबतो. उघडलेल्या बाटलीची घाई मात्र नाही. हवेने जे करायचं ते पिंपातच करून झालेलं असतं, त्यामुळे ती कित्येक आठवडे चांगली राहते.