भरिताचे परदेशी भाऊबंद

जळगाव-धुळ्याकडचं कुटुंब परदेश सहलीला निघालं की बॅगेत वर कपडे आणि खाली दशम्या, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चटणी. याची थट्टा होते, पण सवय उगाच पडलेली नाही. दशमी पाण्याऐवजी दुधात मळायची, ती टिकायची आणि वाटेत सोवळ्यालाही चालायची. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा समुद्र ओलांडण्याइतकाच वाद तिथे खाणार काय यावरही होता. त्या शाकाहारीच राहिल्या. पुढे धर्माची भीती ओसरली, तर खिशाची अडचण आली. 1991 पूर्वी परकीय चलन इतकं मोजूनमापून मिळायचं की बाहेर जेवणं म्हणजे उधळपट्टी. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मोकळीक दिली, नंतर ती मर्यादा अडीच लाखांवर गेली. डब्याची कारणं संपली, डबा मात्र राहिला. शिवाय सहल कंपन्या आता सोबत महाराजच, म्हणजे आपला स्वयंपाकीच, नेतात.

आमच्या इस्तंबूलच्या सहलीतही महाराज होते. तीन दिवस तोच बटाटा आणि तीच पिवळी डाळ. चौथ्या दिवशी आम्ही चौघं गटातून सटकलो आणि गल्लीतल्या एका खाणावळीत शिरलो. दारातच निखाऱ्यांवर वांगी भाजत होती. साल काळी पडून तडकलेली, देठाशी रस उकळतोय. पोऱ्याने साल सोलली, गर सुरीने ठेचला, त्यात लसूण, मीठ, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल घातलं, सोबत गरम पाव ठेवला. धुळ्याच्या मावशींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हाई ते आपलंच भरीत शे!"

मावशींचं म्हणणं इतिहासालाही धरून आहे. वांगं मूळचं आपल्याच बाजूचं, भारत आणि आग्नेय आशियातलं. प्राचीन ग्रीक-रोमनांना ते माहीत नव्हतं. इराणमार्गे अरबांनी ते भूमध्य समुद्रापर्यंत नेलं. नावही सोबत चालत गेलं: संस्कृतातलं वातिंगण, फारसीत बादिंगान, अरबीत अल्-बादिंजान, तुर्कीत पात्लिजान, पोर्तुगीजमध्ये बेरिंजेला. त्या पोर्तुगीज शब्दाचं 'ब्रिंजल' होऊन ते इंग्रजीतून आपल्याच बाजारात परत आलं. वाटेत प्रत्येक मुक्कामी भाजक्या वांग्याला नवा साथीदार मिळाला. लेबनॉनमध्ये तिळाचं वाटण घालून मुतब्बल झालं, उत्तर इराणच्या गिलानमध्ये टोमॅटो, लसूण आणि अंडं घालून मिर्झा कासेमी.

आपल्या भरिताची ओळख हिरवी मिरची आणि शेंगदाणे, पण ते दोन्ही अमेरिका खंडातले. मिरची तर पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं खानदेशी भरीत, त्या काळी होत असेल तर, इस्तंबूलच्या ताटलीच्या बरंच जवळ असणार. हा माझा तर्क, पण जळगावात बोलून दाखवला की भांडण नक्की!

दोन्हीकडची मेख मात्र एकच: वांगं ताजं हवं आणि आच खरी हवी. आपल्याकडे पांढरट-हिरवी, कमी बियांची मोठी वांगी थंडीत येतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर ती भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याच्या पातीसह तेलात परतायची. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी. या जळगावी वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे वांग्याचा भर उन्हाळ्यात, म्हणून आम्हाला ते जूनमध्ये झाडावरून नुकतं उतरलेलं मिळालं. महाराजांच्या डाळीचं पाकीट मुंबईहून आलेलं होतं.

युरोपात याच मुद्द्यावर चळवळ उभी राहिली. 1986 मध्ये रोमच्या जुन्या चौकात अमेरिकी बर्गरचं दुकान येताच कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला, त्यातूनच पुढे स्थानिक, ताज्या अन्नाचा आग्रह धरणारी 'स्लो फूड' आली. मावशींना हे नाव ठाऊक नाही. डिसेंबरातल्या शेतावरच्या भरीत पार्टीत त्यांनी स्वतःच्या ताटातल्या भरितावर लिंबू पिळलं. सुनेने नाक मुरडलं. मावशींनी ताट पुसून खाल्लं आणि पुन्हा वाढ म्हणाल्या.