भिक्खूचे पात्र आणि कोष्ट्यांचे व्याज

भिक्खू रिकाम्या हाताने फिरतो, त्यामुळे धर्माला गरिबीच प्रिय असणार, असे सर्रास धरले जाते. निदान बौद्ध परंपरेबाबत ही गल्लत आहे. तिथे आपणहून सोडून देणारा तो अकिंचन. वाट्याला आलेली गरिबी ती दालिद्दिय. पहिल्याचा गौरव आहे. दुसरीबद्दल चांगला शब्द शोधूनही सापडत नाही.

बुद्धवचनांच्या पाली संग्रहांपैकी एक असलेल्या अंगुत्तर निकायातल्या इणसुत्तात (इण म्हणजे ऋण, सुत्त म्हणजे उपदेश) गृहस्थाच्या दारिद्र्याला सरळ दुःख म्हटले आहे आणि त्याची उतरंड दाखवली आहे: आधी दारिद्र्य, मग कर्ज, मग कर्जावरची ‘वड्ढि’, मग तगादा, मग पाठीमागे ससेमिरा, शेवटी कैद. वड्ढि म्हणजे व्याज. आपल्या वाढीदिढीतली वाढी ती हीच. सुत्ताच्या पुढच्या भागात तर ज्याच्यापाशी श्रद्धा नाही, लाज नाही, त्याला दरिद्री म्हटले आहे. म्हणजे उपमेतसुद्धा हा शब्द दूषण म्हणूनच येतो. दीघ निकाय या दुसऱ्या संग्रहातल्या कूटदन्त सुत्तात चोऱ्यामाऱ्या थांबवण्याचा उपाय शिक्षा नाही, तर शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन, असा सांगितला आहे. सिगालोवाद सुत्त गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगते: एक उपभोगाला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला.

भिक्खूचा हिशेब वेगळा. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खू म्हणून संघात घेण्याच्या, वेळी त्याला विचारतात, तू ऋणमुक्त आहेस ना? कर्जदाराला संघात घेत नसत. संघ ही सावकाराला चुकवून पळायची जागा नव्हती. आत आल्यावर तीन चीवरे, म्हणजे भिक्खूची वस्त्रे. जादा कापड दहा दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. पात्राला पाच ठिगळे पडण्याआधी नवे मागायचे नाही. तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून चालतात, पण साठवण सात दिवसांची. सोने-रुपे तर घ्यायचेच नाही. घेतले तर संघापुढे टाकून द्यायचे. ते फेकायला नेमलेल्या भिक्खूने कुठे फेकले याची खूणही ठेवायची नाही.

दात्याने चीवरासाठी पैसेच पाठवले तर? नियम असा: पैसे भिक्खूकडे नाहीत, कारभाऱ्याकडे ठेवायचे. भिक्खूने त्याला फार तर तीनदा आठवण द्यावी, नंतर सहा वेळांपर्यंत नुसते गप्प उभे राहावे. त्याहून जास्त तगादा लावून चीवर मिळवले तर तो दोष, आणि ते चीवर सोडावे लागते. तरीही मिळाले नाही, तर दात्याला कळवून मोकळे व्हायचे. एवढा काटेकोरपणा पाहिला की कळते, प्रश्न पैसा वाईट असण्याचा नव्हता. मागणाऱ्याची वखवख आवरण्याचा होता.

हलाखी हेच ध्येय असते, तर बुद्धांचा विरोधक बनलेला भिक्खू देवदत्त याचा प्रस्ताव मान्य झाला असता. आजन्म अरण्यवास, केवळ भिक्षेचे अन्न, चिंध्यांचीच वस्त्रे, झाडाखालीच निवारा आणि मासे-मांस वर्ज्य, या पाच गोष्टी सक्तीच्या करा, अशी त्याची मागणी होती. बुद्धांनी ती नाकारली. ज्याला झेपेल त्याने यातले व्रत पाळावे, बाकीच्यांवर ते लादू नये.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे 100 वर्षांनी वैशालीत पैसे घेण्याच्याच मुद्द्यावरून भांडण पेटले. उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी तिथले भिक्खू काशाच्या पात्रात पाणी भरून संघाच्या मधोमध ठेवत आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगत. यश नावाच्या भिक्खूने हरकत घेतली. सातशे भिक्खूंच्या संगीतीत (धर्मसभेत) हा प्रकार इतर नऊ मुद्द्यांसह अवैध ठरला.

हात कोरडे ठेवायचे, पण विहार तर चालला पाहिजे. याची तोड नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने, लेखातल्या कालगणनेच्या 42 व्या वर्षी, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ठेवले. कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, खायची ती फक्त ‘वढि’. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते 240. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणारे भिक्खू 20, प्रत्येकाला चीवरासाठी 12. हिशेब पै न पै जुळतो. दुसऱ्या ठेवीचे 90 ‘कुशणमूला’साठी, या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही.

अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. तिचा धोका उघड आहे: श्रेणी मोडली किंवा लबाडी झाली, की चीवर बंद. म्हणूनच हे दान निगमसभेत (नगरसभेत) ऐकवले, फलकावर नोंदवले आणि वर दगडात कोरले. विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतल्या, त्या कारभाऱ्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. नाणे भिक्खूच्या हाताला लागत नाही, चीवर मात्र दरसाल मिळते. यात ढोंग आहे का? मला वाटत नाही. पण इणसुत्तात ज्या वाढीने गृहस्थ कैदेत जातो, त्याच वाढीवर इथे भिक्खूचे चीवर शिवले जाते, हे लपवण्यातही अर्थ नाही. एकाची अकिंचनता दुसऱ्याच्या मागावर उभी असते.

अकिंचनता आणि वाट्याला आलेली गरिबी, नेमका हा फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उचलला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्यांनी त्यांच्याबरोबर दीक्षा घेतली, त्यातल्या बहुतेकांना गरिबीचा गौरव ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे ठरले असते. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी लिहिले की बुद्धांनी दारिद्र्याला धन्य म्हटले नाही आणि गरिबांना आहे त्यात समाधान मानायला सांगितले नाही. उलट संपत्तीचे स्वागत केले. मात्र ती विनयाला, म्हणजे इथे नीतिनियमांना, धरून मिळवलेली हवी. तिथे त्यांनी अनाथपिंडिकाचा दाखला दिला आहे. जेतवन हे उद्यान विकत घेऊन संघाला देणारा श्रावस्तीचा हा सावकार, आणि कष्टाने, न्याय्य मार्गाने मिळवलेले धन कुठे लावावे, हे बुद्धांनी सांगितले ते त्यालाच: आधी आपण, आईबाप, बायकामुले, नोकरचाकर, मग स्नेही, आग, पूर, राजा आणि चोर यांपासून बचाव, नातलग, पाहुणे, पितर यांचे देणे, आणि सर्वांत शेवटी श्रमण, म्हणजे संन्यासी.