एक हेक्टर रस्ता, सतरा हेक्टर रान

कागदावर एक चौरस काढा. बाजू एक किलोमीटर, म्हणजे शंभर हेक्टर जंगल, चहूबाजूंनी शहर. कडेकडेने ऊन, कोरडा वारा, दिवे, गोंगाट आणि भटकी कुत्री आत शिरतात. हा उपद्रव शंभर मीटर आत पोचतो असं धरू. मग ओल आणि सावली टिकवून असलेला गाभा उरतो ८०० बाय ८०० मीटरचा, म्हणजे ६४ हेक्टर. आता मधोमध दहा मीटर रुंदीचा रस्ता काढा. रस्त्याखाली गेलं एकच हेक्टर. पण त्याने जंगलाला दोन नव्या कडा दिल्या. पुन्हा मोजा: गाभा ४७ हेक्टरांवर आला. कागदोपत्री मात्र ९९ हेक्टर हिरवळ शाबूत!

हेच शंभर हेक्टर दहा ठिकाणी दहा-दहा करून राखले, तर सगळा मिळून गाभा चौदा हेक्टरही भरत नाही. छोटे तुकडे टाकाऊ नाहीत. फुलपाखरांना, मधमाश्यांना ते पुरतात, पावसाचं पाणीही तिथे मुरतं. पण मोठ्या सलग रानाची भरपाई त्यांनी होईल असं मानणं ही शुद्ध फसवणूक आहे.

हे नुसतं गणित नाही. ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला १९७९पासून जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय आणि सहकाऱ्यांनी १, १० आणि १०० हेक्टरांच्या सुट्या पडलेल्या जंगलांची नोंद ठेवली. कडेजवळचे थोर वृक्ष वाऱ्याने मोडले, काही उभ्याउभ्या वाळले. लष्करी मुंग्यांच्या झुंडीमागे फिरून, त्यांनी उठवलेले किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून नाहीसे झाले. झाडं उभी होती, पण मुंग्यांच्या झुंडीला फिरायला तेवढी जागा पुरत नव्हती.

तुकडा मोठा करता येत नसेल, तर निदान जोडता येतो. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये २०१२ साली पी-२२ नावाचा नर प्यूमा (अमेरिकेतलं बिबट्याएवढं रानमांजर) कॅमेऱ्यात दिसला. दोन अजस्र महामार्ग ओलांडून तो तिथे पोचला असणार. उद्यान जेमतेम १७ चौरस किलोमीटरचं. एरवी नराचा वावर शेकडो चौरस किलोमीटरांत असतो. हरणं मिळाली, मादी नाही. दहा वर्षं तो तिथे एकटाच राहिला. ज्या सांता मोनिका डोंगरांतून तो आला असावा, तिथल्या प्यूमांत जवळच्या नात्यात संकर होऊन शेपटीला बाक आलेली जनावरंही सापडली आहेत.

एप्रिल २०२२मध्ये त्या डोंगरांना उत्तरेच्या टेकड्यांशी जोडणाऱ्या वन्यजीव पुलाचं काम सुरू झालं. खाली दहा पदरी महामार्ग, वर माती आणि तिथलीच झुडपं. आराखड्यात दोन्ही बाजूंना आवाज आणि गाड्यांचे दिवे अडवणाऱ्या भिंती आहेत, कारण बुजरं जनावर उजेडातल्या पुलावर पाऊल ठेवत नाही. पी-२२ त्याच वर्षी डिसेंबरात मरण पावला.