शुआर : इक्वेडोरच्या जंगलातले लोक, त्यांची भाषा आणि रीतिरिवाज

शुआर हे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाचे मूळ रहिवासी, अँडीज पर्वत उतरून अ‍ॅमेझॉनचं जंगल सुरू होतं त्या पट्ट्यात राहतात, मोरोना सांतियागो आणि सामोरा चिंचिपे हे त्यांचे मुख्य प्रांत. लोकसंख्या साधारण एक लाखाच्या आसपास. सीमेपलीकडे पेरूमध्ये त्यांचे भाऊबंद राहतात, अवाहुन आणि वाम्पिस. यांचं नाव काढलं की लोकांना आठवतात ती आक्रसवलेली म्हणजे लहान केलेली माणसांची मुंडकी, आणि बरेच लेख तिथंच सुरू होऊन तिथंच संपतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण स्वतःची जमीन आणि भाषा स्वतःच्या संघटनेच्या जोरावर टिकवणारे हे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. जुन्या पुस्तकांत त्यांना 'हिवारो' म्हटलेलं दिसेल. ते स्पॅनिश लोकांनी पाडलेलं नाव, पुढं 'रानटी' याच अर्थानं वापरलं गेलं, त्यांना ते अपमानास्पद वाटतं म्हणून आता वापरत नाहीत.

भाषेचं नाव शुआर चिचाम. अचुआर, शिविआर, अवाहुन, वाम्पिस या तिच्या बहिणी, आणि या सगळ्या कुटुंबालाही आता चिचाम भाषाकुल असंच म्हणतात. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागत जातात त्यामुळं एकेक क्रियापद चांगलंच लांब होतं, मूळ स्वर चारच पण प्रत्येकाचं नाकातलं रूप वेगळं. मोजायचं म्हणजे चिकिचिक एक, हिमिआर दोन, आणि पाचाला 'हात संपला' अशा अर्थाचा शब्द. लिपी रोमन, ती बसवण्यात कॅथलिक मिशनऱ्यांचा मोठा वाटा. इक्वेडोरच्या 2008 च्या संविधानात स्पॅनिश आणि किचवा या दुसऱ्या मूळनिवासी भाषेसोबत शुआर भाषेलाही देशपातळीवर अधिकृत दर्जा दिलाय, जंगलातल्या एवढ्या छोट्या समाजाच्या भाषेला असा मान मिळणं ही साधी गोष्ट नाही.

इतिहासात यांना कुणी सहजासहजी ताब्यात घेऊ शकलं नाही. स्पॅनिश आले सोन्यासाठी, वसाहती उभ्या केल्या, सोन्याच्या वसुलीवरून जाच सुरू झाला आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी मोठा उठाव होऊन त्या वसाहती उखडल्या गेल्या. 1599 साली एका स्पॅनिश गव्हर्नरच्या घशात वितळलेलं सोनं ओतलं अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती लिहिली हुआन दे वेलास्को या पाद्र्यानं, तब्बल दोनशे वर्षांनी, त्यामुळं तिच्यावर फार विसंबू नये.

आता शेतीचं, कारण या समाजाचा खरा जीव तिथं आहे. जंगल तोडून जागा मोकळी करायची पुरुषांनी, पण पुढची सगळी बाग, तिला 'अहा' म्हणतात, ती बाईची. मुख्य पीक कसावा, आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच, शिवाय रताळी, केळी, भुईमूग. बागेची देवी नुनकुई, ती जमिनीखाली राहते. गोष्ट अशी सांगतात की पूर्वी लोक उपाशी मरत होते, एका बाईला नदीत वाहत आलेली कसाव्याची सालं दिसली, ती प्रवाहाच्या उलट्या दिशेनं चालत गेली तर तिथं नुनकुई भेटली आणि तिनं आपली लहान मुलगी तिच्यासोबत दिली. ही पोर ज्या अन्नाचं नाव घेईल ते समोर हजर. पण एक दिवस मोठी माणसं घरात नसताना पोरांनी तिला छळलं, डोळ्यात राख टाकली, ती रडत छपरावर चढली आणि बांबूच्या पोकळीतून जमिनीत निघून गेली, तेव्हापासून अन्नासाठी राबावं लागतं. म्हणून बाई आजही लागवड करताना नुनकुईला उद्देशून 'अनेन्त' म्हणते, म्हणजे हळू आवाजात किंवा मनातल्या मनात म्हणायचं गाणं, काही जणी बागेत खास दगड पुरतात, शेंद्रीच्या बियांचा लाल रंग स्वतःला आणि रोपांना लावतात. ज्या बाईला जास्त अनेन्त येतात तिची बाग चांगली येते असा समज, त्यामुळं ही गाणी आईकडून मुलीकडे जातात आणि कुणालाही उगाच शिकवत नाहीत.

याच कसाव्याची 'निहामंच' नावाची बिअर होते. कंद उकडून कुटायचे, थोडा भाग तोंडात चावून परत भांड्यात घालायचा, लाळेमुळं कंदातल्या स्टार्चची साखर होते आणि ते आंबतं. ऐकून नाक मुरडणारे असतील, पण ही पूर्ण शास्त्रीय प्रक्रिया आहे आणि पाहुण्याला बाईनं वाडग्यातून निहामंच देणं हाच तिथला पाहुणचार, नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. पहाटे अंधार असतानाच चुलीभोवती बसून 'वायुस' या पानांचा काढा पितात, त्यात कॅफीन असतं, पोट साफ करायला बराचसा उलटून टाकतात, आणि त्याच वेळी घरातली मोठी माणसं पोरांना गोष्टी आणि उपदेश सांगतात. घर जुन्या पद्धतीचं असेल तर लंबगोल, एक बाजू बायकांची आणि दुसरी पुरुषांची व पाहुण्यांची.

धर्माच्या केंद्रस्थानी 'आरुताम', म्हणजे पूर्वजाची ताकद. तरुण मुलगा वडिलधाऱ्यांसोबत पवित्र धबधब्यावर जातो, उपास करतो, तंबाखूचं पाणी पितो, कधी 'नातेम' (भास घडवणारा काढा, ज्याला बाहेर आयावास्का म्हणतात) किंवा धोतऱ्याच्या नात्यातली एक वनस्पती घेतो आणि दर्शनाची वाट बघतो. समोर जग्वार येतो, अजगर येतो किंवा आगीचा गोळा, घाबरून पळायचं नाही, पुढं होऊन स्पर्श करायचा, मग ते रूप नाहीसं होतं आणि पूर्वजाची ताकद त्याला मिळते. वैदू म्हणजे 'उविशिन', तो अदृश्य बाणांनी आजार लावूही शकतो आणि काढूही शकतो असं मानतात, त्यामुळं त्याच्याबद्दल आदर आणि धास्ती दोन्ही.

मुंडक्यांना 'त्सान्त्सा' म्हणतात. शत्रूच्या डोक्याची कातडी काढून, उकळून, गरम दगड आणि वाळूनं लहान करायची, डोळे आणि ओठ बंद करायचे. मागचा विचार असा की मारलेल्या माणसाचा सूड घेणारा आत्मा, 'मुइसाक', बाहेर पडू नये. विधी झाले की त्या वस्तूला फारशी किंमत राहत नसे. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी मागणी वाढवली, मुंडक्याच्या बदल्यात बंदुका मिळू लागल्या आणि त्यानं हत्या वाढल्या, शिवाय बेवारस मृतदेहांची आणि स्लॉथ या झाडावरच्या सुस्त प्राण्याच्या कातडीची बनावट मुंडकी बाजारात आली. म्हणजे ज्या प्रकारासाठी या लोकांना क्रूर ठरवलं तो फोफावला गिऱ्हाइकांमुळं, हे स्पष्ट बोललं पाहिजे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमनं 2020 मध्ये आपल्याकडची मुंडकी प्रदर्शनातून काढली, फार उशिरा पण बरं झालं.

विसाव्या शतकात डोंगरावरून शेतकरी खाली येऊन जमिनी घेऊ लागले, सरकारच्या लेखी जंगल म्हणजे रिकामी जागा. त्यावर 1964 मध्ये सालेशियन या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांच्या मदतीनं शुआर लोकांनी आपलं फेडरेशन काढलं, मुख्यालय सुकुआ गावात, अ‍ॅमेझॉनमधल्या अशा संघटनांमध्ये हे अगदी सुरुवातीचं. विखुरलेली घरं 'सेंत्रो' म्हणजे छोट्या गावांत एकत्र आणली आणि जमिनीचे सातबारे एकेकट्याच्या नावावर न करता गावाच्या सामाईक नावावर घेतले, त्यामुळं कुणी एकटा विकू शकत नाही. यात तोटाही झाला, जमीन वापरात आहे हे दाखवायला गुरं पाळली आणि कुरणांसाठी बरंच जंगल गेलं. 1972 पासून रेडिओवर शाळा चालवली, सुकुआच्या स्टुडिओतून शिक्षक शुआर आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत धडा घ्यायचा आणि दूर जंगलातल्या वर्गात एक सहाय्यक शिक्षक पोरांकडून तो करून घ्यायचा, रस्ते नसलेल्या भागात मला हे फार मोठं काम वाटतं.

1995 च्या पेरू-इक्वेडोर लढाईत सेनेपा खोऱ्यात शुआर सैनिक इक्वेडोरकडून लढले, सीमेपलीकडे त्यांच्याच भाषाकुलातले लोक होते. तह 1998 मध्ये झाला आणि त्यानंतर त्याच भागातल्या कोर्दियेरा देल कोन्दोर डोंगररांगेत तांब्या-सोन्याच्या खाणी आल्या. 2016 च्या ऑगस्टमध्ये नान्किन्त्स ही शुआर वस्ती खाणीसाठी पोलिसांकरवी उठवली, वर्षाअखेर चकमक होऊन एक पोलीस मेला आणि प्रांतात आणीबाणी लागली. 47 गावांची 'पुएब्लो शुआर आरुताम' ही संघटना खाणींना उघड विरोध करते, काही शुआर मात्र खाणीत नोकरीही करतात, त्यामुळं गावागावांत मतभेद आहेत. 2022 मध्ये इक्वेडोरच्या संविधान न्यायालयानं पानान्त्सा-सान कार्लोस खाणप्रकल्पाच्या बाबतीत शुआर लोकांशी आधी नीट सल्लामसलत झाली नव्हती असं ठरवून त्यांच्या बाजूनं निकाल दिला.