पार्श्वभूमी : ग्वाल्हेरकडचा बंदूक कारागीर कसा संपला

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात खांद्याला बंदूक आजही दिसते. ती घडवणारा मात्र दिसत नाही. दुनळी कारखान्यातून येते, काडतुसे परवानाधारक दुकानातून.

तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडणाऱ्या बंदुकीचे सगळे कसब नळीत असे. लोखंडी पट्टी तापवून तिरकी गुंडाळायची, कडा एकमेकींवर चढवायच्या आणि घणाखाली सांधायच्या. दोन थरांत कीट अडकले की सांधा वरून धड दिसे, आतून कच्चा राही, आणि बार उडवताना नळी तिथेच उकले. हे बहुधा मागच्या टोकाला व्हायचे, कारण दाब तिथे सर्वांत जास्त. नळी दस्त्याला वादीने किंवा पितळी पट्ट्यांनी बांधलेली. घोडा आणि चाप यांच्यात नुसती तरफ होती, ताणाची कमान (स्प्रिंग) नव्हती. वापराने कान, म्हणजे नळीला बत्ती द्यायचे भोक, रुंदावला की जोर मागे निघून जाई आणि गोळी मंद पडे. एवढी डागडुजी जाणता लोहारही करू शके. चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडणाऱ्या बंदुकीत कमान आली आणि गणित बदलले. कमान कडक राहिली तर तुटते, मऊ राहिली तर ठिणगीच पडत नाही.

शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या चकमकी बंदुका आग्र्याच्या कारखान्यात युरोपी देखरेखीखाली होत. ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांकडे गेले, त्याबरोबर कारखानाही. पुढचा घाव १८४४ चा. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांकडून हार झाली आणि जानेवारीतल्या तहाने फौज नऊ हजारांवर आणली. त्यात पायदळ फक्त तीन हजार. एकगठ्ठा मागणी करणारे गिऱ्हाईक गेले.

खरा वाद आहे तो १८७८ च्या हत्यार कायद्याचा. देशी बंदूक याच कायद्याने मारली असे सर्रास म्हटले जाते. त्यावर उत्तर ठरलेले आहे : कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा, ग्वाल्हेर संस्थान, मग इथल्या कारागिराला त्याचे काय? कागदावर हे बरोबर आहे, बाजारात नाही. कलम ५ ने परवान्याशिवाय हत्यार बनवणे आणि विकणे बंद केले. ते ब्रिटिश हद्दीपुरते होते, मान्य. पण कलम ६ ने समुद्रमार्गे किंवा जमिनीवरून त्या हद्दीत हत्यार आणण्याला, तिथून बाहेर नेण्यालाही परवाना लावला. आता नकाशा पाहा. संस्थान सलग नव्हतेच. वर ग्वाल्हेर-भिंड, खाली उज्जैन-मंदसौर, मध्ये इतरांचे मुलूख. आग्रा आणि इटावा या जवळच्या बाजारपेठा परक्या हद्दीत. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडून परत मिळाला, त्याच्या बदल्यात झांशीही त्यांच्याकडे गेली. रेल्वे आली, पण मोठ्या लोहमार्गांच्या जमिनीवरचे न्यायाधिकार संस्थानांनी इंग्रजांकडे सोपवलेले होते. म्हणजे माल गाडीत चढवला की राज्य बदलले. शिवाय टोपीची (घोडा आपटून पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर चालणारी) बंदूक घरी घडवली तरी टोपी कारखान्याचीच लागे, काडतुसाचेही तेच. विहीर तुमची, दोर आमचा, असला हा कारभार. कायदा ‘लागू नव्हता’ म्हणणारे दोराबद्दल बोलत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. यात बनवणे आणि विकणे यांबरोबर बदल करणे, दुरुस्ती आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या) बंदुकीला कलम १३ मध्ये जागा ठेवली होती, पण तिथेही गिऱ्हाईक फार उरले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची मागणी आटत गेली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि विनापरवाना बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला पूजेत ठेवायच्या तोड्याच्या बंदुकीचा प्रश्न यातूनच येतो. १९५९ च्या कायद्यातली कलम ४५ ची सूट जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही आणि न करताही चालता कामा नये. ‘बंद पडलेली आहे’ एवढे पुरत नाही. नळी उकललेली किंवा आरपार गंजलेली असेल तर गोष्ट वेगळी. नुसता कान बुजलेला असेल तर तो मोकळा होऊ शकतो, म्हणजे सूट डळमळीत. वरचा गंज पुसून तेलाचा हात देणे ही निगा झाली. कान मोकळा करणे, घोडा नवा बसवणे ही दुरुस्ती, आणि ती विनापरवाना हाताने झाली तर करणारा आणि करवून घेणारा दोघेही अडकतात. परवाना असलेल्या दुकानात काम दुनळीचे. वादी सोडून नळी उतरवणारा आणि पुन्हा बांधणारा तिथे सहसा मिळत नाही. म्हणून अशी बंदूक कोणाच्या हाती देण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ती कशात मोडते हे लेखी घ्यावे.