अशोक नावामागची गोष्ट

अ आणि शोक, म्हणजे ज्याला शोक नाही तो, एवढं सगळ्यांना माहितीये. झाडाचंही नाव तेच. आणि नाव सम्राटापासून सुरू झालं असंही नाही, वाल्मीकी रामायणात दशरथाच्या आठ मंत्र्यांत एक अशोक आहेच. बौद्ध कथेत मुलगा झाल्यावर आई म्हणते मी आता अशोक झाले, म्हणून ते नाव, आणि धाकट्या भावाचं नाव वीतशोक. गोष्ट छान आहे पण नावावरून नंतर रचल्यासारखी वाटते.

खरा गुंता शिलालेखांचा. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचता आली तेव्हा जिकडेतिकडे 'देवानांपिय पियदसि' निघालं, अशोक कुठेच नाही. आधी हा सिंहलचा कुणी राजा असावा असं वाटलं, मग त्याच वर्षी तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला पाली ग्रंथात पियदसि म्हणजेच अशोक असं सापडलं. तरी दगडावरचा पुरावा मिळायला १९१५ उजाडलं, रायचूरजवळच्या मस्कीला सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका इंजिनियरला लेख मिळाला आणि त्यात 'असोक' स्पष्ट होतं. रुद्रदामनच्या जुनागढ लेखात 'अशोकस्य मौर्यस्य' आहे, पण तो लेख सम्राटानंतर जवळपास चारशे वर्षांनी कोरलेला.

आता देवानांपियचं बघा. देवांचा लाडका, सरळ बिरुद. सिंहलचा तिस्स राजा तेच लावायचा, अशोकाचा नातू दशरथही लावायचा, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखात आधीच्या राजांसाठी एका ठिकाणच्या प्रतीत 'राजे' तर दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीत 'देवानांपिय' असं आहे, म्हणजे अर्थ राजा एवढाच. पण संस्कृत व्याकरणात याच शब्दाचा, म्हणजे 'देवानांप्रिय'चा, अर्थ मूर्ख! पाणिनीचं एक सूत्र आहे की निंदा करायची असेल तर समासात षष्ठीचा प्रत्यय जात नाही, त्याच्याखाली हे उदाहरण आलं आणि पुढे त्याला 'मूर्खे', म्हणजे 'मूर्ख या अर्थी', चिकटलं. बौद्ध राजाच्या द्वेषातून मुद्दाम केलं असं हमखास सांगितलं जातं, मला ते अर्धंच पटतं, कारण जुन्या वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या पुरवणी टिपणांत, 'मूर्खे' नाहीच, ते बऱ्याच नंतरच्या व्याकरणात येतं, आणि सातव्या शतकातल्या गद्यात हा शब्द आदराने वापरलेला दिसतो. द्वेष असता तर एवढा उशीर का? पण निंदेच्याच सूत्राखाली तो का बसला हे द्वेष वगळून सांगणंही अवघड आहे.

मस्कीनंतर गुजर्रा, नित्तूर, उदेगोळम इथेही असोक नाव मिळालं. तोवर २२ जुलै १९४७ ला चक्र झेंड्यावर आलं होतं, २६ जानेवारी १९५० ला सारनाथचे सिंह राजमुद्रा झाले, आणि त्या पिढीत घरटी एक अशोक का असायचा ते वेगळं सांगायला नको. वीतशोक मात्र कुणी ठेवलं नाही.