ग्रेटफुल डेड : मैफलींच्या टेपची देवाणघेवाण

कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ (१९६५–९५) या रॉक बँडच्या मैफली श्रोत्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित करून एकमेकांना फुकट देण्याची प्रथा. बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि वाजवताना उत्स्फूर्त विस्तारावर भर दिला. त्यामुळे चाहत्यांना अल्बमांपेक्षा तारखा अधिक पाठ असतात. ‘८ मे १९७७’ म्हटले की कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आधी यंत्रे लपूनछपून आत न्यावी लागत. पुढे मायक्रोफोनच्या उंच स्टँडांचे रान माजले आणि ध्वनिनियंत्रण मेजावरून रंगमंच दिसेना. तेव्हा २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कले कम्युनिटी थिएटरमध्ये बँडने टेपरांना, म्हणजे मैफल टिपणाऱ्या चाहत्यांना, मेजामागे स्वतंत्र जागा दिली. अट एकच : विक्री नाही. नवख्याकडे देण्यासारखे काही नसले तर तो कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवत असे. श्रमाचे पैसे कोणी मागत नसे.

मूळ मुद्रणे दोन प्रकारची. ‘ऑडियन्स’ म्हणजे सभागृहातून मायक्रोफोनने टिपलेले. ‘साउंडबोर्ड’ म्हणजे थेट मेजावरून घेतलेले. साउंडबोर्ड स्वच्छ असते, पण सभागृहाची घुमक आणि गर्दीचा श्वास त्यात येत नाही. बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांची १९७७ची मुद्रणे सर्वांत नावाजलेली. १९८०च्या दशकात गोदामाचे भाडे थकल्याने त्यांच्या टेप लिलावात गेल्या आणि तिथून चाहत्यांत पसरल्या. दोन्ही प्रकार मिसळून ‘मॅट्रिक्स’ करतात, मात्र दोन यंत्रांची गती तंतोतंत जुळत नाही. एक बाजू थोडी ताणून घेतली नाही, तर काही मिनिटांतच ढोलाचे ठोके दोनदा ऐकू येतात.

कॅसेटच्या काळातले बहुतेक नियम ‘पिढी’ या एका गोष्टीतून निघाले. मास्टरवरून, म्हणजे मूळ मुद्रणावरून, काढलेली प्रत पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी. प्रत्येक कॅसेट आपली सळसळ भरते : दोन्हींची सळसळ सारखी धरली, तर पहिल्याच प्रतीत ती सुमारे ३ डेसिबलने वाढते. म्हणून प्रतीसोबत वंशावळ लिहून द्यायची. कॅसेट ९० मिनिटांची, टाइप-२. मॅक्सेलची एक्सएल-२ विशेष चालत असे. १२० मिनिटांची फीत पातळ असते, ताणली जाते आणि गुंतते, म्हणून ती नको. सळसळ कमी करणारी डॉल्बी यंत्रणा बंदच ठेवायची, कारण दोन डेकांच्या (कॅसेटयंत्रांच्या) पातळ्या जुळल्या नाहीत की तार स्वर दबतात आणि ही चूक पिढीगणिक साचत जाते. दुप्पट वेगाने प्रत काढणे निषिद्ध. डेकच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन किंचित जरी तिरका झाला तरी झांजा बोथट होतात. हेडजवळचा स्क्रू फिरवत, आवाज मोनोवर ऐकत तो जुळवावा लागतो. खरी डोकेदुखी मात्र बाजू उलटण्याची. मैफलीचे दुसरे सत्र बरेचदा कॅसेटच्या एका बाजूच्या ४५ मिनिटांहून लांबत असे आणि गाणी एकमेकांत मिसळलेली असत. तेव्हा टेपर बाजू उलटायला ढोलवादन सुरू होण्याची वाट पाहत असे. गाण्याच्या ऐन मध्यात फीत संपलीच, तर तेवढा तुकडा दुसऱ्याच्या मुद्रणातून जोडतात.

संगणक आल्यावर सळसळ गेली, नव्या कटकटी आल्या. ध्वनी शॉर्टन किंवा फ्लॅक या, काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या, स्वरूपातच फिरवतात. एमपी३मध्ये गेलेला भाग परत येत नाही, आणि एमपी३वरून बनवलेली फ्लॅक फाइल कंप्रतेच्या आलेखात साधारण १६ किलोहर्ट्झला सपाट कापलेली दिसून पकडली जाते. प्रत जशीच्या तशी पोचली की नाही, हे एमडी५ बेरजेवरून, म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेल्या खुणेच्या आकड्यावरून, तपासतात. डॅटचे (डिजिटल फितीचे) मुद्रण ४८ किलोहर्ट्झचे असेल तर सीडीसाठी ते ४४.१वर आणावे लागते. सीडीवर १ सेकंदाचे ७५ भाग पडतात, प्रत्येकी ५८८ नमुन्यांचे. गाण्याचा तुकडा या मापात बसला नाही की उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि जोडावर ‘टक्’ ऐकू येते. सीडी एका दमात लिहिली नाही, तर दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची खिंड पडते. सलग वादनात ती फारच खुपते.

२००५च्या नोव्हेंबरात ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावरील डेडच्या मुद्रणांचे डाउनलोड थांबले आणि चाहते खवळले. थोड्याच दिवसांत तडजोड झाली : साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकायचे, ऑडियन्स मुद्रणे मात्र उतरवून घ्यायला मोकळी. त्यामुळे फाइल हातात हवी असलेला माणूस पुन्हा मायक्रोफोनवाल्यांच्याच टेपकडे वळतो.